रूनी सोडून बोला

संघ हरायला लागला की त्याच्या चाहत्यांना इतिहासाची गोडी लागते. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना ती २०१३ पासून लागली आहे. त्या वर्षी ॲलेक्स फर्ग्युसन विसावं लीग विजेतेपद मिळवून निवृत्त झाले आणि एकविसावं काही आलं नाही. २०२४-२५ च्या हंगामात हा संघ वीस संघांत पंधरावा आला. त्याच हंगामाच्या शेवटी बिल्बाओला युरोपा लीगचा अंतिम सामना तो एका गोलने हरला, आणि तोही टॉटनहॅमकडून, म्हणजे लीगमध्ये सतरावा आलेल्या संघाकडून. भारतात तो सामना संपला तेव्हा रात्रीचे सुमारे अडीच वाजले होते. अशा वेळी टीव्ही बंद करून माणसाने बोलायचं तरी काय? बचावफळीबद्दल बोलावं तर आलेली झोप उडते. नव्या प्रशिक्षकाबद्दल बोलावं तर तो तरी किती दिवस टिकणार! मग कोणीतरी हळूच विषय काढतो, "पण काही म्हण, आपल्या क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा प्लेअर कोण?" झालं. पहाटेपर्यंतची सोय झाली.

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ पेठेबरोबर, तालमीबरोबर जन्मतःच पदरात पडतो. पुण्या-ठाण्याच्या लोकांना मँचेस्टरचा संघ नव्वदच्या दशकात केबलवाल्याने मिळवून दिला. त्यामुळे कोणाचा देव कोण, हे पुष्कळदा घरात केबल कधी आली त्यावर ठरतं. पहिल्या एक-दोन वर्षांत आली असेल तर कँटोना, दहावीच्या वर्षी आली असेल तर बेकहॅम (आणि दहावीचे मार्क त्या मानाने), आणि केबल जाऊन हातात मोबाइल आला त्यांचा रोनाल्डो. यापलीकडे एक छोटा पण कडवा गट आहे. त्याने जॉर्ज बेस्टला फक्त काळ्या-पांढऱ्या, पाऊस पडल्यासारख्या चित्रफितींत पाहिलेलं असतं आणि म्हणून त्याचं मत सर्वांत ठाम असतं.

या वादाचा पहिला नियम कुठे लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. रूनीचं नाव घ्यायचं नाही.

आता, फुटबॉल हा गोल करण्याचा खेळ आहे. ज्याने सर्वांत जास्त गोल केले तो सर्वांत मोठा, हा हिशेब तिसरीतलं पोरही करील. वेन रूनीने युनायटेडसाठी ५५९ सामन्यांत २५३ गोल केले. क्लबच्या इतिहासात कोणीही इतके केलेले नाहीत. बॉबी चार्लटनचा २४९ गोलांचा विक्रम १९७३ पासून तसाच उभा होता, तो त्याने मोडला. अठराव्या वर्षी पहिल्याच सामन्यात फेनरबाचेविरुद्ध तीन गोल. २०११ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध हवेत आडवं होऊन, पाठ जमिनीकडे ठेवून मारलेला तो गोल. पाच लीग विजेतेपदं, एक चॅम्पियन्स लीग. हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर समोरचा म्हणतो, "हो, ते खरंय. पण रूनी नाही रे." का नाही, ते तो सांगत नाही. विचारणाराही पुन्हा विचारत नाही, कारण आतून त्यालाही ते पटलेलं असतं.

कारणं शोधली तर सापडतात. ऑक्टोबर २०१० मध्ये रूनीने क्लब सोडण्याची इच्छा जाहीर केली. इथे पुढे मोठे खेळाडू येतील याची खात्री वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दोन-तीन दिवसांत त्याने नवा, पाच वर्षांचा करार केला आणि पगारही वाढवून घेतला. चाहत्यांनी माफ केलं. विसरले मात्र नाहीत. पण खरं कारण वेगळं असावं. रूनी घामाचा खेळाडू होता. रोनाल्डोला मधे मोकळी जागा हवी म्हणून हा डावीकडे सरकला, बॅक पुढे गेला की त्याच्या जागी मागे धावला, मधल्या फळीत माणूस कमी पडला की तिथेही उभा राहिला. सगळ्यांची कामं करणाऱ्याला घरात काय किंमत असते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. नशीबही असं की विक्रमाचा गोल त्याने जानेवारी २०१७ मध्ये स्टोकच्या मैदानावर, बदली खेळाडू म्हणून येऊन, भरपाईच्या वेळेत फ्री किकवर मारला, आणि त्यामुळे सामना सुटला १-१ असा बरोबरीत. चव्वेचाळीस वर्षांचा विक्रम मोडला, तरी घरी जाताना सगळ्यांच्या मनात दोन गुण गेल्याचीच रुखरुख.

तर गोलांची फूटपट्टी अशी पहिल्याच फटक्यात मोडते. मग दुसरी निघते. "सामने किती खेळला ते बघा."

सामने म्हटले की रायन गिग्ज. १९९१ ते २०१४, तब्बल ९६३ सामने आणि तेरा लीग विजेतेपदं. इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या, नावाजलेल्या क्लबांना शंभर वर्षांत तेरा जमलेली नाहीत. प्रीमियर लीगच्या पहिल्या एकवीसही हंगामांत त्याने गोल केला. चार्लटनचा ७५८ सामन्यांचा विक्रम त्याने मे २००८ मध्ये मॉस्कोला, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मोडला, आणि त्याच रात्री पेनल्टीही मारली. गिग्जचा पक्ष भक्कम आहे, पण त्याच्या विरोधकांचा एकच प्रश्न तो पक्ष दरवेळी खिळखिळा करतो: "सांग, कोणत्या एका वर्षी गिग्ज आपल्या संघात सगळ्यात भारी होता?" गिग्जचे वकील इथे खाकरतात. एका वर्षी कँटोना होता, एका वर्षी कीन, मग बेकहॅम, मग व्हॅन निस्टलरॉय, मग रोनाल्डो. गिग्ज कायम होता आणि कायम दुसरा होता. २००९ मध्ये इंग्लंडच्या खेळाडूंनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं खरं, पण त्या हंगामातले बरेच सामने त्याने बाकावर बसून सुरू केले होते. ते बक्षीस एका वर्षाचं नव्हतं, थकबाकीचं होतं.

मग गिग्जवाले हुकमाचं पान टाकतात: १४ एप्रिल १९९९, व्हिला पार्क, एफ. ए. कपचा उपांत्य सामना, समोर आर्सेनल. रॉय कीन लाल कार्ड घेऊन बाहेर. पीटर श्मायकेलने शेवटच्या क्षणी बर्गकँपची पेनल्टी अडवलेली. जादा वेळ सुरू. पॅट्रिक व्हिएराचा एक ढिसाळ पास गिग्जच्या पायात येतो, तो आपल्याच अर्ध्या भागातून निघतो आणि अर्धा आर्सेनल वाटेत ठेवून गोल मारतो. हा गोल सांगताना चाहते बसून सांगतच नाहीत. खुर्ची मागे सरते, चहाचे कप बाजूला होतात, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नागमोडी धावतं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण गोल झाल्यावर गिग्जने शर्ट काढून गरागरा फिरवला, आणि त्याच्या छातीवरचं घनदाट केसांचं रान साऱ्या इंग्लंडने पाहिलं. तो देखावा गोलाची शोभा वाढवतो की घालवतो, यावर दोन तट पडतात. मूळ वाद मग अर्धा तास बाजूला राहतो.

क्लबने स्वतः हा वाद मिटवण्याचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००१ मध्ये चाहत्यांच्या कौलात एरिक कँटोना क्लबचा शतकातला खेळाडू ठरला. २०११ च्या जानेवारीत क्लबच्या मासिकाने आणि संकेतस्थळाने जगभरातून मतं मागवली, तेव्हा गिग्ज पहिला आला, कँटोना दुसरा आणि बेस्ट तिसरा. म्हणजे शतकातला सर्वांत मोठा खेळाडू दहा वर्षांत त्याच क्लबमध्ये दुसरा झाला. या दहा वर्षांत निवृत्त कँटोनाच्या हातून गोल झाला नव्हता, की चूकही झाली नव्हती.

कँटोनाचं प्रकरणच निराळं. आकडे काढले तर हाती फार लागत नाही: साडेचार वर्षं, १८५ सामने, ८२ गोल. युरोपात काही जिंकलं नाही. तो आला तोही एका फोनच्या ओघात. नोव्हेंबर १९९२ मध्ये लीड्सच्या लोकांनी युनायटेडला फोन केला तो डेनिस अर्विन विकता का, हे विचारायला. अर्विन मिळणार नाही असं सांगून झाल्यावर इकडून सहज विचारणा झाली, कँटोनाचं काय? साधारण १२ लाख पौंडांत सौदा झाला. आदल्या मोसमातला विजेता संघ आपला सर्वांत कलंदर खेळाडू प्रतिस्पर्ध्याला जवळजवळ फोनच्या बिलात देऊन मोकळा झाला. १९६७ नंतर युनायटेडने लीग जिंकली नव्हती. सव्वीस वर्षांचा तो उपास कँटोना आल्यावर सहा महिन्यांत सुटला. पुढची पाच वर्षं मोजा: १९९३ जिंकली, १९९४ जिंकली, १९९६ जिंकली, १९९७ जिंकली. मधलं १९९५ का गेलं? तर त्या जानेवारीत क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर लाल कार्ड मिळून बाहेर जाताना त्याने शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकाला कठड्यावरून उडी मारून लाथ घातली आणि आठ महिने बंदी ओढवून घेतली. लीग फक्त एका गुणाने ब्लॅकबर्नकडे गेली.

कँटोनाभक्तांचं तर्कशास्त्र इथे बहराला येतं. तो होता तेव्हा जिंकलो हे त्याच्या मोठेपणाचं पहिलं प्रमाण. तो नव्हता तेव्हा हरलो हे दुसरं. आणि तो नव्हता ते त्याच्याच लाथेमुळे, याकडे लक्ष वेधलं तर ती लाथ हे तिसरं! पत्रकार परिषदेत त्याने मासेमारी बोट, तिच्यामागे उडणारे पक्षी आणि समुद्रात फेकले जाणारे मासे यांच्याबद्दल एकच वाक्य सांगितलं आणि उठून गेला. त्या वाक्याचा अर्थ लावण्यात इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी जेवढी शाई खर्च केली तेवढी आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या एखाद्या ओवीवरच होत असेल. मे १९९७ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, तो खेळ सोडून निघूनही गेला. उरलेल्या कीर्तीला धक्का लागू नये यासाठी इतका अचूक मुहूर्त युनायटेडच्या दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही. रोनाल्डोला तर नाहीच.

क्रिस्तियानो रोनाल्डो हा या वादातला सर्वांत अवघड पाहुणा. २००३ मध्ये अठराव्या वर्षी आला, २००७-०८ च्या एका हंगामात ४२ गोल केले, चॅम्पियन्स लीग मिळवून दिली, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर घेतला. युनायटेडच्या खेळाडूला तो मिळाल्याला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी आठ कोटी पौंडांना तो रेआल माद्रिदला गेला. तिथे त्याने जे केलं ते जगाला माहीत आहे, आणि तिथेच घोडं अडतं. माद्रिदचे गोल युनायटेडच्या खात्यात धरायचे की नाहीत? तरुण मंडळी धरतात. पन्नाशीतली मंडळी म्हणतात, "आपल्याकडे किती केले ते बोल." १४५, हे उत्तर. त्यातले २७ दुसऱ्या खेपेचे. ती खेप २०२१ मध्ये ढोल-ताशांत सुरू झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात टीव्हीवरच्या एका मुलाखतीनंतर करार मोडून संपली. जुन्या चाहत्यांचा रोनाल्डोवर एक कायमचा आरोप आहे: त्याचे चाहते त्याचे असतात, क्लबचे नसतात. तो गेला की तेही बाडबिस्तरा बांधून माद्रिद, तूरिन, रियाध करत त्याच्यामागे जातात. आरोप खरा आहे. पण चॅम्पियन्स लीगचा चषक त्याने कोणाच्या कपाटात ठेवला, याचं उत्तर देताना आरोप करणारेही जरा हळू बोलतात.

सात नंबरच्या शर्टाबद्दल इथेच बोलून घेतलेलं बरं, कारण कोणीतरी ते काढतंच. बेस्ट, रॉबसन, कँटोना, बेकहॅम, रोनाल्डो अशी ती गादी, आणि ज्याच्या अंगावर ती तोच मोठा, असा एक सिद्धांत आहे. सिद्धांतात एक भोक आहे. १९९३ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला कायमचा नंबरच नव्हता. त्या दिवशी ज्या जागेवर खेळेल तो नंबर पाठीवर. बेस्ट अनेकदा अकरा नंबर घालून खेळला आहे. शिवाय रोनाल्डो गेल्यावर तो शर्ट मायकेल ओवेन, दि मारिया, डिपाय, अलेक्सिस सांचेझ अशांच्या अंगावरून फिरला आणि कोणालाच लाभला नाही. अँटोनियो व्हॅलेन्सिया हा त्यातला सर्वांत शहाणा. २०१२ मध्ये त्याने सात नंबर घेतला, एक हंगाम घालून पाहिला आणि परत करून आपला जुना पंचवीस मागून घेतला. भाड्याच्या शेरवानीत नवरदेवाला दिवसभर जसं अवघडून होतं, तसं त्याचं वर्षभर झालं होतं.

साठच्या दशकाकडे वळलं की वादाची पातळी उंचावते, निदान आवाज तरी खाली येतो. ओल्ड ट्रॅफर्ड मैदानासमोर तिघांचा एकत्र पुतळा आहे: जॉर्ज बेस्ट, डेनिस लॉ, बॉबी चार्लटन. मे २००८ मध्ये तो बसवला. तिघांनीही बॅलन डी'ओर मिळवला, लॉने १९६४ मध्ये, चार्लटनने १९६६ मध्ये, बेस्टने १९६८ मध्ये. पाच वर्षांत एका क्लबचे तीन वेगवेगळे मानकरी. पुतळ्यात तिघे खांद्यावर हात टाकून उभे आहेत. प्रत्यक्षात बेस्ट आणि चार्लटनचं फारसं पटत नसे. १९७२ मध्ये चार्लटनच्या गौरवार्थ भरवलेल्या सामन्यात खेळायलाही बेस्टने नकार दिला होता. ब्राँझचा हा मोठाच गुण म्हणायचा, एकदा हात खांद्यावर टाकला की काढता येत नाही.

डेनिस लॉचा पक्ष लहान असतो पण वाद घालायला तरबेज. ४०४ सामने, २३७ गोल. ही सरासरी बाकीच्यांच्या तोंडावर फेकली की क्षणभर शांतता पसरते. १९६३-६४ मध्ये एका हंगामात ४६ गोल, हा क्लबचा विक्रम रोनाल्डोलाही मोडता आला नाही. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडचा राजा म्हणत त्याला. कँटोनालाही पुढे राजाच म्हणू लागले, त्यावरून वेगळं भांडण आहे. पण लॉचं नाव निघालं की एप्रिल १९७४ आठवणारा एकजण असतोच. लॉ तेव्हा सिटीकडून खेळत होता. ओल्ड ट्रॅफर्डवरच, शेवटच्या दहा मिनिटांत, त्याने टाचेने गोल मारला, हात वर न करता मान खाली घालून उभा राहिला आणि युनायटेड दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. पन्नास वर्षं लोक सांगतात की लॉने आपल्याच जुन्या क्लबला बुडवलं. त्या दिवशी बर्मिंगहॅम जिंकल्यामुळे युनायटेड तसंही बुडणारच होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगितलं तर गोष्टीतली मजा जाते.

जॉर्ज बेस्टपाशी आलो की जर-तरचा पक्ष सत्तेवर येतो. हा पक्ष झालेल्या गोष्टींवर बोलत नाही, न झालेल्यांवर बोलतो. बेस्टने दारू सोडली असती तर? त्याला विश्वचषक खेळायला मिळाला असता तर? तो सत्ताविसाव्या वर्षी क्लब सोडून गेला नसता तर? झालेलं तसं काही कमी नाही. ४७० सामने, १७९ गोल. मार्च १९६६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी लिस्बनला जाऊन बेनफिकाविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत दोन गोल. केसांमुळे त्याला बीटल्समधलाच एक ठरवून टाकलं गेलं ते तेव्हापासून. फेब्रुवारी १९७० मध्ये चार आठवड्यांची बंदी भोगून परत आला आणि नॉर्दम्प्टनविरुद्ध एकट्याने सहा गोल मारले. बेस्ट स्वतः एक किस्सा रंगवून सांगायचा: हॉटेलची खोली, पलंगभर पसरलेले जुगारात जिंकलेले पैसे, सोबत विश्वसुंदरी, आणि शॅम्पेन घेऊन आलेला म्हातारा वेटर दुःखाने विचारतो, की हे सगळं बिघडलं कुठे? किस्सा ऐकून पुरुष मंडळी हसतात आणि जर-तर पक्ष आणखी एक जर जोडतो.

पण जर-तर पक्षाकडे एक नाव असं आहे की तिथे थट्टा थांबते. डंकन एडवर्ड्स. सोळाव्या वर्षी पहिल्या संघात. बचाव, मधली फळी, आघाडी, म्हणाल तिथे खेळणारा. इंग्लंडसाठी १८ सामने. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडला घेऊन येणारं विमान बर्फाळ चिखलात अडकून उड्डाण करू शकलं नाही आणि कोसळलं. तेवीस माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला. वय एकवीस. त्याच्याबरोबर खेळलेला बॉबी चार्लटन पुढे आयुष्यभर सांगत राहिला, की आपण कमी आहोत असं ज्याच्यासमोर वाटलं असा तो एकच. एडवर्ड्सचं नाव आल्यावर त्याला कोणी खोडत नाही आणि मतही देत नाही. कोणीतरी विषय बदलतो.

विषय बदलणारा पुष्कळदा अभ्यासू असतो, आणि अभ्यासू माणूस बिली मेरेडिथवर येतो. मेरेडिथ हा वेल्समधल्या कोळशाच्या खाणीतला पोरगा, उजव्या बगलेचा खेळाडू, आणि खेळताना तोंडात कायम दात कोरायची काडी. सिटीत लाच प्रकरणात बंदी झाली, ती संपवून १९०७ मध्ये युनायटेडकडून उतरला आणि दोन वर्षांत लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. १९०७ मध्येच त्याने खेळाडूंची संघटना उभारायला मदत केली. मालकांना त्याच्या पायांपेक्षा तीच जास्त टोचली. अभ्यासू इथे थांबत नाही. तो न्यूटन हीथवर जातो, म्हणजे १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी काढलेला तोच क्लब, १९०२ पर्यंत दिवाळखोरीच्या दारात. कर्णधार हॅरी स्टॅफर्डचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा क्लबच्या मदतनिधीच्या जत्रेतून हरवला, तो जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दारूभट्टीच्या मालकापर्यंत पोचला, ओळख झाली, पैसे आले आणि मँचेस्टर युनायटेड जन्माला आलं, असं सांगतात. गोष्ट तंतोतंत खरी असेल तर क्लबसाठी सर्वांत मोठं काम कोणी केलं, हा प्रश्न कुत्र्याच्या बाजूने सुटतो.

शेवटी तज्ज्ञाचं मत म्हणून फर्ग्युसनला साक्षीला बोलावतात, आणि तिथे खरी फजिती होते. २०१५ मध्ये आपल्या पुस्तकात फर्ग्युसनने लिहिलं, की युनायटेडमध्ये आपल्या हाताखाली खरे जागतिक दर्जाचे खेळाडू चारच: कँटोना, गिग्ज, स्कोल्स आणि रोनाल्डो. चार! श्मायकेल नाही, ज्याने १९९९ चा युरोपियन चषक कर्णधार म्हणून उचलला. रॉय कीन नाही, ज्याने त्याच वर्षी तूरिनला युव्हेंटसविरुद्ध दोन गोलांनी मागे पडल्यावर पहिला गोल डोक्याने मारला आणि पिवळं कार्ड मिळून आपण अंतिम सामन्याला मुकणार हे कळल्यावरही तसूभर ढिला पडला नाही. आणि अर्थातच रूनी नाही. नियम फर्ग्युसननेही पाळला. याच फर्ग्युसनला आपल्या सर्वोत्तम अकरांबद्दल विचारलं तेव्हा नक्की जागा मिळेल असं एक नाव त्याने घेतलं, ते डेनिस अर्विनचं. ओल्डहॅमहून आलेला, ५२९ सामने खेळलेला, फोटोत कायम कडेला उभा असलेला बॅक. ज्याला मागायला फोन आला होता, तोच.

तरी एक निकाल द्यायचा तर तो बॉबी चार्लटनच्या बाजूने द्यावा लागतो. चार्लटनची या वादातली अडचण ही, की त्याच्याबद्दल वाद घालता येत नाही. लाथ नाही, दारू नाही, करार मोडणं नाही; टवाळी करायला सापडतात ते फक्त टकलावरून आडवे ओढलेले चार केस. सज्जन माणसावर रात्र निघत नाही, म्हणून त्याचं नाव सगळे आदराने घेतात आणि पुढे सरकतात. पण कोणतीही फूटपट्टी काढा. गोल? २४९, आणि तेही बराच काळ मधल्या फळीत खेळून. सामने? ७५८, दोन्ही बाबतीत क्लबमध्ये दुसरा. विश्वचषक? १९६६. इंग्लंडसाठी ४९ गोल. आणि वीस वर्षांचा असताना म्युनिकच्या बर्फात मित्र गमावून, महिन्याभराच्या आत, १ मार्च १९५८ रोजी तो पुन्हा शर्ट घालून मैदानात उतरला होता. बाकी प्रत्येकाची बाजू मांडताना एखादी फूटपट्टी लपवावी लागते. चार्लटनची मांडताना एकही लपवावी लागत नाही.

हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी २९ मे १९६८ चा वेंब्लीवरचा, युरोपियन चषकाचा बेनफिकाविरुद्धचा अंतिम सामना काढून पाहावा. फक्त बेस्टने गोलरक्षकाला चकवलं तेवढा तुकडा नको, पूर्ण १२० मिनिटं. लॉ त्या रात्री गुडघ्यामुळे इस्पितळात होता. बेस्टचा एक गोल आहे, एकोणिसावा वाढदिवस असलेल्या ब्रायन किडचा एक आहे. चार्लटनचे दोन आहेत, आणि त्यांतला पहिला डोक्याने मारलेला आहे.